चढला की बसून आला?

सर्व लहानथोर मंडळींना, बागायतदार व कोरडवाहू शेतकऱ्यांना, डाळमिलच्या मालकांना व हमालांना, शिकवणीला जाणाऱ्या आणि शिकवणीला जातो म्हणून घरातून निघणाऱ्या तमाम विद्यार्थ्यांना या ठिकाणी जाहीर कळवण्यात येते की, लातूरचे सुप्रसिद्ध भोंगेवाले रशीदभाई हे आपल्या हयातीत एक डोंगर चढले होते की नव्हते, या अत्यंत गंभीर आणि बरेच महिने तुंबलेल्या वादाचा निकाल आज लागणार आहे. निकाल लागेपर्यंत कोणीही जागा सोडू नये. ज्याने आपली पांढरी मोटरसायकल वाटेत लावली आहे, त्याने ती या ठिकाणाहून ताबडतोब हलवावी.

हसलास का रे, रशीद? मी "या ठिकाणी" म्हटलं की तू ॲम्प्लिफायरच्या मागून बोट वर करायचास. लग्न असो, व्याख्यान असो की कुस्त्यांचा फड, पुढं माईकवर मी आणि मागं खुर्चीवर तू. मी तोंडानं बोलायचो, तू हातानं. तळहात वर गेला की 'आवाज चढवतो', खाली दाबला की 'उतरवतो', आणि बोट उभं राहिलं की 'दिगू, पुरे कर, माणसं जेवायची थांबलीत.' आता समोर ते बोट नाही. आज मी बोलणार आणि मला थांबवायला कोणी नाही, हे लातूर आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांना चांगलंच महागात पडणार आहे.

गेल्या आठवड्यापासून लोक मला भेटून हळू आवाजात सांगतायत, "रशीदभाई वर गेले." त्या वर जाण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तिथं माणूस चढून जातो की कोणी उचलून नेतं, ते आपापली पाळी आल्यावर कळेल. मला बोलायचंय ते दुसऱ्या वर जाण्याबद्दल, जे आपण तिघांनी, तू, मी आणि व्यंकट पाटलानं, गेल्या थंडीत केलं. एका शहाण्यानं सुचवलं की तुझ्यावरच्या या लेखात तुझा जन्म, शिक्षण आणि सामाजिक कार्य असं सगळं यायला हवं. जन्म नक्की कधी झाला हे तुलाच माहीत नव्हतं. शिक्षण आपल्या तिघांचं एकाच बाकावर झालं आणि ते बाकावरच राहिलं. आणि सामाजिक कार्य म्हणशील तर माझा आवाज वेळेवर कमी करणं, याहून मोठी समाजसेवा मराठवाड्यात कोणी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. झालं. आता मुद्द्यावर येतो.

मुद्दा चपलांपासून सुरू होतो.

शाळेची सहल माहूरला गेली होती. देवीच्या पायऱ्यांशी गुरुजींनी तुझ्या वाळलेल्या डाव्या पायाकडं पाहिलं, काखेतल्या कुबडीकडं पाहिलं, आणि एका दगडावर तुला बसवून सगळ्या वर्गाच्या चपला, डबे, पिशव्या तुझ्यापुढं मांडल्या. "रशीद, तू हे राख." गुरुजींच्या मनात वाईट काही नव्हतं. पण त्या दिवशी जी तुझी नेमणूक झाली ती कायमची झाली. पुढं आपण तिघं कुठंही गेलो, व्यंकटच्या नवसाला, माझ्या पोराच्या जावळाला, कुणाच्या उरुसाला, कुठल्या किल्ल्यावर, तरी आम्ही दोघं वर आणि तू खाली सामानापाशी. व्यंकट तुला चपलांचा कलेक्टर म्हणायचा. तूही त्या पदाची शान राखलीस. आम्ही घामाघूम होऊन खाली आलो की तू दगडावर ताठ बसून सांगायचास, "आपापली चप्पल ओळखून घ्यावी. अदलाबदल झाल्यास कचेरी जबाबदार राहणार नाही."

आणि मग, चपला घालून होईपर्यंत थांबून, सहज विचारल्यासारखं विचारायचास, "वरून काय दिसतं रे?"

आम्ही म्हणायचो, "काही नाही रे. नुसती गर्दी."

तुला वाईट वाटू नये म्हणून म्हणायचो. तू मान हलवायचास आणि चहाचं बघायचास. आपली तिघांची डोकी पांढरी झाली तरी प्रश्न तोच होता आणि उत्तरही तेच.

मग गेल्या दिवाळीनंतर व्यंकट सोयाबीन घेऊन निलंग्याहून आडतीवर आला होता, मी नांदेडहून एका साखरपुड्याला आलो होतो, आणि आपण तिघं तुझ्या दुकानात, उतरून ठेवलेल्या भोंग्यांच्या मधे चहा पीत बसलो होतो. तू एकदम म्हणालास, "मला असा डोंगर सांगा, ज्याच्या डोक्यावर रेल्वेचं स्टेशन आहे."

व्यंकट म्हणाला, "कशाला की? डोंगरावर काय जीपगाडी जात न्हाई व्हय?"

"जीप अर्ध्यात सोडते. पुढं पायऱ्या असतात. पायऱ्या आल्या की तुम्ही मला चपला देता. मला फलाट पाहिजे. एकदम डोक्यावर."

तुझ्या लेकीनं, नाजियानं, मोबाईलवर बोटं फिरवून माथेरान काढलं. नेरळहून निघणारी छोटी गाडी, थेट वर. तू मोबाईल डोळ्यांजवळ नेलास, मग लांब धरलास, आणि म्हणालास, "निघायचं."

शमीम भाभींनी पडद्याआडूनच सुरुवात केली. छाती दुखते, डॉक्टरनं जिनासुद्धा चढू नका म्हणून सांगितलंय, आणि ह्या वयात पहाड कसला? तू त्यांना गप्प करायला एक वाक्य बोललास, ते तुला फार महागात पडलं. तू म्हणालास, "मैं कां चढरा, शमीम? गाडी चढती. मैं नुसता बैठता."

भाभी गप्प झाल्या. पण व्यंकटनं चहाची बशी खाली ठेवली आणि ते वाक्य गाठ मारून खिशात टाकलं. मी त्याच्या चेहऱ्यावर ते पाहिलं होतं.

नेरळला ती गाडी बघून व्यंकटची पहिली प्रतिक्रिया होती, "ही गाडी हाय का जत्रेतला पाळणा?" डब्यात तो मांडी घालायला गेला तर गुडघे समोरच्या बाकाला लागले. गाडी सुटली. सुटली म्हणजे सुटल्याची आपल्याला शंका आली. एका वळणावर तर पुढचा डबा खिडकीतून मागच्या डब्याची विचारपूस करायला आल्यासारखा दिसला. व्यंकट म्हणाला, "माझी म्हस पाण्यावर निघाली तरी ह्याच्यापेक्षा चाल टाकतीय." तू मात्र खिडकीला कान लावून बसला होतास. डोळे नाही, कान. जरा वेळानं मला म्हणालास, "ऐक. इंजन खालच्या पट्टीत लावलंय. आवाज न चढवता चढायलंय बघ. शिकून घे, दिगू."

मधे जुम्मापट्टी नावाचं स्टेशन आलं. नाव वाचून तू खूश. "जुम्मा आहे, म्हणजे आपलाच माणूस." तिथं काकडीवाली बाई होती, आणि काकडी दिसली की व्यंकट पाटलाला रेल्वेचं वेळापत्रक लागू होत नाही. तो खाली उतरला. काकडी हातात घेऊन, वास घेऊन, मोडून, बियाणं कुठलं आहे याची चौकशी करत राहिला. शिट्टी झाली. गाडी हलली. व्यंकट काकडीवालीला मीठ जास्त लाव म्हणून सांगत होता.

मग जे घडलं ते मी मरेपर्यंत लोकांना सांगणार आहे आणि दर वेळी थोडं वाढवून सांगणार आहे. पण आज तू ऐकतोयस म्हणून जसं घडलं तसंच सांगतो. निलंग्याचा पाटील, पोट पुढं, दोन्ही हातांत काकड्या, गाडीच्या बाजूनं पळतोय. गाडी एवढी हळू की तो मागं पडत नाही, आणि तो एवढा जाड की त्याला चढता येत नाही. दोघं शेजारी शेजारी, नवरानवरीसारखे. डब्यातली सगळी अनोळखी माणसं ओरडतायत, चढा, चढा! आणि तू दारापाशी सरकून, एका हातानं दांडा घट्ट धरून, तुझी कुबडी बाहेर काढलीस आणि गरजलास, "धर बे पाटला! काकडी सोड, कुबडी धर! चढ!"

त्यानं काकडी सोडली नाही. काखेत कुबडी धरली, तू ओढलंस, मी तुझ्या कमरेला मिठी मारली, आणि पाटील आत आला. डबाभर टाळ्या पडल्या. व्यंकटला पाच मिनिटं बोलता येईना. तू कुबडीवरचं मीठ पुसत शांतपणे म्हणालास, "आजवर हिनं मला उभं केलं. आज पाटलाला चढवलं."

मग त्याच काकड्या आपण खाल्ल्या.

वर पोचल्यावर तू सगळ्यांच्या शेवटी डब्यातून उतरलास. फलाटावर उभा राहिलास. लाल माती, झाडं, आणि आपल्या तिघांहून वर काहीच नाही. तू खिशातून फोन काढलास आणि घरी लावलास. "हां शमीम. उतरलो. हौ, हौ, नीट उतरलो."

व्यंकटनं माझ्याकडं पाहिलं आणि डोळा मारला. म्हणजे हेही वाक्य गाठ मारून खिशात गेलं.

स्टेशनाबाहेर घोडेवाले आले. माणसांनी ओढायच्या रिक्षा आल्या. व्यंकटनं तुझ्यासाठी एक गरीब स्वभावाचा घोडासुद्धा निवडला, त्याचे दात बघितले. तू घोड्याच्या मानेवर थोपटलंस आणि म्हणालास, "नक्को. ह्याच्यावर बसलो तर उद्या म्हणाल, घोडा चढला." आणि निघालास.

ती वाट मला अजून पायाखाली जाणवते. दहा पावलं टाकायचास, थांबायचास. झाडाच्या मुळावर बसायचास, माती उचलून बोटांत चोळायचास, पुन्हा उठायचास. कुबडीचं रबर त्या भुसभुशीत मातीत रुतायचं आणि काढताना कपाळावर शीर फुगायची. एका माकडानं येऊन व्यंकटच्या हातातला शेंगदाण्याचा पुडा असा नेला की त्याला पुडा गेल्याचं माकड फांदीवर बसून खायला लागल्यावर कळलं. तू म्हणालास, "गावाकडं सगळं शेत राखतोस, इथं मूठ राखता येईना?" हसलास, आणि त्या हसण्यात तुझी कुबडी सटकली. तू बसलास तो दाणकन बसलास. मी धावत येऊन हात पुढं केला.

तू माझ्या हाताकडं बघितलंस. "हात नको," म्हणालास, "जागा दे."

मी बाजूला झालो. व्यंकटही झाला. तू उठलास. रशीद, मी आयुष्यभर माईकवर निर्धार, जिद्द, चिकाटी असले शब्द वाटत फिरलो. सत्काराला शाल आणि हे शब्द ठरलेले. त्या दिवशी ते सगळे शब्द मला लाल मातीत, ढुंगण झाडत उभे राहिलेले दिसले. तेव्हा बोललो नाही. बोललो असतो तर तू बोट वर केलं असतंस.

मग आपण कठड्यापाशी आलो. समोर सगळं उघडं. खाली दरी, पलीकडं कडे, त्यांच्यापलीकडं आणखी कडे, आणि उन्हात निळं होत गेलेलं कायकाय. तू दोन्ही हात कठड्यावर ठेवलेस. आणि पुढं झुकलास. आम्हाला वाटलं छातीत दुखतंय. व्यंकटनं पाण्याची बाटलीही उघडली.

तू मान न वळवता विचारलंस, "काही नाही रे, नुसती गर्दी?"

व्यंकटनं बाटलीचं झाकण परत लावलं.

"माहूरला पण असंच दिसतं?"

व्यंकट म्हणाला, "हाव. थोडं असंच."

"हरामखोरांनो," तू म्हणालास. रागानं नाही. असं म्हणालास, जसं ईदच्या दिवशी गळ्यात पडून म्हणतात. "इतकी वर्षं हे तुम्ही दोघंच बघत होतात?"

मग मला जे येतं ते मी केलं. तो एको पॉइंट होता. मी छाती भरून ओरडलो, "हॅलो, हॅलो! या ठिकाणी!" समोरच्या कड्यानं मला "ठिकाणी" परत केलं. तू लगेच धंद्यावर आलास. कान तिरका करून म्हणालास, "एको जास्त आहे. जरा उतरवायला पाहिजे." व्यंकट पोट धरून हसला. मग आम्ही तुझ्यामागं लागलो. लोकांना बोलता यावं म्हणून जन्मभर वायरी जोडल्यास, आणि स्वतः माईकवर कधी "हॅलो, चेक" याच्या पुढं गेला नाहीस. आज ओरड. इथं वायर नाही, काही नाही. ओरड.

तू घसा साफ केलास. कुबडी कठड्याला टेकवलीस. आणि असा आवाज काढलास की शेजारचं एक नवीन लग्न झालेलं जोडपं एकमेकांपासून लांब झालं.

"व्यंकट! मी चढलो!"

चढलो, म्हणाला डोंगर. चढलो.

"बघ," तू म्हणालास, "साक्षीदार मिळाला."

"कशाचा साक्षीदार!" व्यंकट म्हणाला. "डोंगर कुठं बोललाय? तूच बोललास. स्वतःच्या केसमदी स्वतःच साक्षीला उभा!"

आणि तिथं, बाकावर बसून, वाद सुरू झाला.

"चढायचं म्हणजे पाय लागतेत," व्यंकट म्हणाला. "दम लागतोय. तू खिडकीत बसून काकडी खाल्लास. त्याला चढणं म्हणत न्हाईत. बसून येणं म्हणतेत."

"तुझ्या तुरीचा भाव चढतो, तो काय चप्पल घालून चढतो?"

"भावाचं येगळं हाय."

"ताप चढतो. वेल चढते. ह्या दिगूचा आवाज मी जन्मभर चढवला, त्याला कधी पाय दिसले तुला?"

मी मधे पडून म्हणालो की पाय नसले तरी माझ्या आवाजाला डोकं आहे. दोघांनीही ऐकून घेतलं नाही.

"आन् वैनीला काय म्हणालास?" व्यंकटनं पहिली गाठ सोडली. "गाडी चढती, मैं नुसता बैठता. म्हणालास का न्हाई?"

"ते घरातलं बोलणं. घरातलं बोलणं कोर्टात चालत नाही."

"बरं, ते बी सोडलं." व्यंकट पुढं सरकला. "वर आल्या आल्या फोनवर काय म्हणालास? उतरलो म्हणालास. आता मला सांग, डोंगर चढलेला माणूस माथ्यावर जाऊन कधी म्हणतोय का उतरलो म्हणून? तो म्हणतोय, पोचलो. उतरलो कोण म्हणतंय? गाडीतलं सामान!"

तो शब्द तोंडातून गेला आणि व्यंकटला कळलं. मलाही कळलं. सगळा जन्म सामानाशेजारी बसलेल्या माणसाला त्यानं माथ्यावर नेऊन सामान म्हटलं होतं. पण माघार घेणं व्यंकटच्या सातबाऱ्यातच नाही. तो दुसरीकडं बघत खिशात उरलेलं काकडीचं देठ कुरतडत राहिला. तू कुबडीच्या मुठीवर अंगठा फिरवत होतास. मग हसलास. थोडं उशिरा, पण हसलास.

"थांब," म्हणालास. "ह्याचा जवाब देतो. लातूर यायच्या आत देतो."

लातूर आलं. जवाब आला नाही.

नंतरचे महिने ह्या जवाबानं आपले फोन भरून गेले. तू मला फोन करायचास तो व्यंकटची हालहवाल विचारायला नाही, तर व्यंकटनं हार मानली का हे विचारायला. व्यंकट मला फोन करायचा, तो, "आपलं सामानसुमान काय म्हणतंय?" असं विचारायला, पण आवाजात पूर्वीचा जोर नसायचा. एकदा तर म्हणाला, "आरं दिग्या, त्याला सांग की मी गमतीनं म्हणलो." मी म्हणालो, तूच सांग. तो म्हणाला, "मी कसा सांगू?" आणि ठेवला.

गंमत, गंमत करताना मला दिसत होतं की तुझ्यासाठी ती गंमत राहिली नव्हती. तुला व्यंकटकडून एक शब्द पाहिजे होता. भाभींकडून नाही, नाजियाकडून नाही, माझ्याकडूनही नाही. मी तर पहिल्याच दिवशी दिला होता, पण माझ्या शब्दाला तू किंमत कशाला देशील? मी हार घेऊन आलेल्या प्रत्येकाला थोर म्हणतो. चढला असं म्हणायचा अधिकार ज्यानं शेत नांगरून, डोंगर तुडवून पाय झिजवले त्याचाच, असं तुझ्या मनानं घेतलं होतं.

आणि मग एक दिवस तुझा फोन आला. खुशीत होतास. मागं नाजिया भोंगे पुसताना कुणावर तरी ओरडत होती. "दिगू, जवाब सापडला."

"सांग."

"फोनवर नाही. दोघं समोर पाहिजेत. पाटलाचं तोंड बघायचंय मला."

आम्ही येणार होतो. व्यंकट रानातल्या कामात अडकला होता, माझ्या कार्यक्रमांच्या सुपाऱ्या होत्या. येणार होतो.

तू गेल्याचा ऐलान मशिदीच्या भोंग्यावरून झाला. नाजिया सांगत होती, आवाज इतका साफ होता की दोन गल्ल्या पलीकडं शब्द न् शब्द कळला. एको नाही, खरखर नाही. तो भोंगा तूच बसवला होतास. मी एसटीतून उतरून धावत तुझ्या घरी आलो तेव्हा व्यंकट निलंग्याहून मोटरसायकलवर आधीच पोचला होता. दाराशी उभा होता आणि त्याच्या काखेत तुझी कुबडी होती. ती त्यानं कधी उचलली, कोणी दिली, माहीत नाही. आता तिची गरज नाही हे त्याला सांगण्याची कोणाची हिंमत झाली नाही. ती काखेत घेऊनच त्यानं तुला खांदा दिला. तो मागं राहिला की मी पुढं आणि मी मागं राहिलो की तो पुढं. तुला नेताना, रशीद, आमच्या दोघांचीही चाल चुकत होती.

नमाजेसाठी मैदानात माणसं ओळीत उभी राहिली. चपला काढून सगळे पुढं गेले. आम्हा दोघांना ती नमाज येत नाही. आम्ही मागं थांबलो. जरा वेळानं खाली पाहिलं तर आमच्यापुढं चपलाच चपला. तू पुढं, सगळ्यांच्या पुढं, आणि आम्ही दोघं चपलांपाशी. व्यंकटच्याही लक्षात आलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी त्याच्याकडं, आणि आम्ही दोघं तसेच ताठ उभे राहिलो. एकही चप्पल बदलली नाही, रशीद. कचेरी जबाबदार होती.

इथं मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. माईकवर असताना मला कधी थांबावं ते कळत नाही, हे मला नेहमीच माहीत होतं. लोकांना वाटायचं, दिगंबरराव फार समजून बोलतात. कुणाचं रडू यायच्या आत आवाज हळू होतो, कुणाचं हसू विझायच्या आत थांबतात. तो आवाज तू हळू करायचास. मी बोलतच असायचो, तू मागं बसून मला शहाणा करायचास. हे मी तुला कधी म्हटलं नाही, कारण तू म्हणाला असतास, "पुरे, दिगू." आता म्हणतो. पुरे म्हणून दाखव.

पुढच्या महिन्यात उदगीरचं ते लग्न आहे, तू घेतलेलं. मी नाजियाला म्हटलं, दुसऱ्याला देऊ या. तिनं माझ्याकडं अगदी तुझ्यासारखं पाहिलं. "काका, मंडप ठरला, तारीख ठरली. ॲम्प्लिफायरवर मी बसते. तुम्ही फक्त कमी बोला." तेव्हा आम्ही जाणार आहोत. मागं बोट आहे, फिकीर नाही. आणखी एक मी ठरवलंय आणि व्यंकटनंही मान हलवली आहे. यापुढं कुठल्याही डोंगरावरून खाली आलो की जो कोणी चपलांपाशी बसला असेल, त्याच्याजवळ बसायचं आणि वरून काय दिसतं ते सगळं सांगायचं. रंगासकट. नुसती गर्दी म्हणायचं नाही.

आता निकाल. अट्टल निवेदकासारखा मी तो शेवटाला ठेवला. खरं तर तो मी लावायचा नव्हताच. तो तुला नेलं त्या दिवशी दुपारीच लागला. फक्त तुझ्या कानापर्यंत पोचला की नाही हे नक्की नाही, म्हणून पुन्हा जाहीर करतो.

आम्ही कबरीच्या कडेला उभे होतो. तुझे चुलतभाऊ इस्माईलभाई आत उभे होते, हात वर करून. "आहिस्ता उतारो," ते म्हणाले. "आहिस्ता." माणसं वाकली. कापडाच्या पट्ट्या हळूहळू सैल झाल्या. व्यंकट माझ्या शेजारी कुबडी घट्ट धरून उभा होता; सकाळपासून त्यानं तोंडातून एक शब्द काढला नव्हता. पलीकडून कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं, "उतरला का नीट?"

"हौ," इस्माईलभाई म्हणाले, "उतरला."

माझ्या शेजारी श्वास अडल्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं. व्यंकटचं तोंड उघडं होतं आणि डोळे असे झाले होते, जसे तो पळत पळत गाडीत आला तेव्हा होते. आणि त्या शांत जागेत, कुठलाही भोंगा नसताना, पार कबरस्तानाच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल असा निलंग्याचा पाटील ओरडला,

"आरं, उतरला म्हणजे चढला व्हता की रे! चढल्याबिगर कुणी उतरतंय का?"